घेलची वहिवाट

बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतात केम्पेन नावाचा एक रेताड, हलक्या जमिनीचा आणि शतकानुशतके गरिबीसाठीच ओळखला गेलेला मुलूख आहे. त्या मुलखातले घेल हे गाव ना कधी राजधानीचे ठिकाण होते, ना मोठ्या बाजारपेठेचे, ना एखाद्या निर्णायक लढाईचे. असे असूनही एकोणिसाव्या शतकात मनोविकारांच्या चिकित्सेत ज्यांचे नाव झाले अशा युरोपातील अनेक वैद्यांनी या आडवाटेच्या गावाची वाट धरली, त्याविषयी अहवाल लिहिले आणि परस्परांशी कडाडून वाद घातले. ज्या काळात वेड लागलेल्या माणसाला उंच तटाच्या आत ठेवणे हीच मोठमोठ्या नगरांत सुधारणेची खूण मानली जात होती, त्या काळात घेलमध्ये मात्र शेकडो वेडी माणसे गावकऱ्यांच्या घरात राहत होती, त्यांच्या पंक्तीला बसून जेवत होती, त्यांच्या शेतात राबत होती आणि संध्याकाळी रस्त्याने मोकळी फिरत होती. हे कोणा तत्त्वज्ञाच्या उपदेशाने सुरू झाले नव्हते की कोणा राजाच्या फर्मानाने. ते वहिवाटीने चालत आले होते, आणि ती वहिवाट पडली कशी व टिकली कशी हे पाहणे आजही उद्बोधक आहे.

कथेचा आरंभ दंतकथेत आहे. सातव्या शतकात आयर्लंडात एक मूर्तिपूजक राजा होता. त्याची ख्रिस्ती राणी वारली आणि शोकाने त्याची मती फिरली. राणीसारखीच दिसणारी स्त्री हवी या हट्टापायी त्याने शेवटी आपल्या पोटच्या मुलीलाच मागणी घातली. ती मुलगी डिम्फना. आपले धर्मगुरू जेरेबर्नस यांच्यासह ती समुद्र ओलांडून घेलजवळच्या रानात येऊन राहिली. पण वाटेत खर्चलेल्या परदेशी नाण्यांवरून राजाच्या हेरांनी तिचा माग काढला, धर्मगुरूंचा वध झाला, आणि मुलगी वश होत नाही असे पाहून बापाने स्वतःच्या हाताने तिचा शिरच्छेद केला. बापाच्या उन्मादापुढे जी नमली नाही ती उन्मादाने ग्रासलेल्यांची कैवारी ठरावी, हे लोकमानसाच्या तर्काला धरूनच झाले. या कथेला ऐतिहासिक आधार शोधू जाता हाती फारसे काही लागत नाही. तिचे पहिले लेखी चरित्र तेराव्या शतकात काँब्रे येथील पीटर नावाच्या एका धर्माधिकाऱ्याने आपल्या बिशपच्या आज्ञेवरून लिहिले, म्हणजे घटना आणि लेखन यांत सहाशे वर्षांचे अंतर. परंतु इतिहासाला येथे कथेच्या सत्यासत्यतेपेक्षा तिच्या परिणामांशी कर्तव्य आहे, आणि ते परिणाम दगडविटांत उभे आहेत. १३४९ मध्ये संत डिम्फनेच्या नावाचे मोठे चर्च बांधावयास घेतले गेले; १४८९ च्या आगीत त्याची हानी झाली, तरी ते पुन्हा उभे राहिले; आणि त्याच्या मनोऱ्याला लागून यात्रेकरू रुग्णांसाठी एक खास इमारत बांधण्यात आली.

त्या इमारतीत रुग्णाला नऊ दिवस ठेवीत. प्रार्थना, प्रदक्षिणा, आणि संत डिम्फनेच्या अस्थिपेटिकेखालून रांगत जाणे असा तो विधी असे. गाणगापूरला किंवा नरसोबाच्या वाडीला बाधा झालेल्या माणसांना घेऊन गेलेले, त्यांचे घुमणे पाहिलेले आणि दिवसांचा नेम पुरा होईपर्यंत धर्मशाळेच्या ओसरीवर बसून राहिलेले नातलग आपल्याकडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना घेलच्या त्या नऊ दिवसांची कल्पना फारसे वर्णन न करताही येईल. श्रद्धा सर्वत्र जवळजवळ सारखीच वागते. प्रश्न उभा राहतो तो दहाव्या दिवशी.

कारण दहाव्या दिवशी जे बरे झाले ते घरी गेले, त्यांनी गावोगाव संतांचा महिमा सांगितला आणि घेलची कीर्ती वाढवली. पण ज्यांना उतार पडला नाही त्यांचे काय? कोणाला पुन्हा नऊ दिवसांचे अनुष्ठान करावयाचे असे, कोणाला आणखी काही काळ संतांच्या सान्निध्यात राहावयाचे असे, आणि कोणाचे नातलग, खरे सांगायचे तर, त्याला परत नेण्यास फारसे उत्सुक नसत. चर्चची इमारत लहान, रांग मोठी. तेव्हा धर्माधिकाऱ्यांनी गावातील कुटुंबांना विनंती केली, नातलगांनी खाण्यापिण्याचा मोबदला कबूल केला, आणि रुग्ण एकेका घरी राहू लागला: प्रथम काही आठवडे, मग काही महिने, आणि पुष्कळदा मरेपर्यंत. घेलचे नाव चमत्कारांनी झाले असेल. त्याचे खरे कार्य मात्र ज्यांच्या बाबतीत चमत्कार झाला नाही त्यांच्यामुळे उभे राहिले. बरा न झालेला माणूस रोज सकाळी चुलीपाशी येऊन बसणारच आहे, हे एकदा स्वीकारल्यावर त्याच्याशी कसे वागावे हे हळूहळू त्या गावाला उमगत गेले.

या व्यवस्थेला केवळ भूतदयेचा सोहळा समजणे ही मात्र भाबडेपणाची गोष्ट होईल. केम्पेनची जमीन निकस होती. शेतकऱ्याला रोख पैसा क्वचित दिसे. रुग्णामागे येणारी ठरीव रक्कम आणि त्याच्या अंगमेहनतीचा हातभार या दोहोंची त्याला गरज होती. शिवाय मोकळीक आजच्या अर्थाने मोकळीक नव्हती. रुग्णाने कोणाची नासधूस केली तर यजमानाने ती भरून द्यावी, दांडगाई करणाऱ्याला बांधून ठेवावे, असे स्थानिक हुकूम जुन्या काळी निघत असत. पायांत लोखंडी बेड्या घालून वावरणारे रुग्ण एकोणिसाव्या शतकात आलेल्या पाहुण्यांनीही पाहिले. गावात अनुकंपा होती, तसा हिशेबही होता आणि भयही होते. तरीही युरोपातल्या इतर ठिकाणचा वेडा तळघरात किंवा तुरुंगात कुजत असताना घेलचा वेडा, बेडीसह का होईना, शेताच्या बांधावर उभा होता, हा फरक लहान नव्हे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या वहिवाटीवर मोठा प्रसंग गुदरला. फ्रेंच राज्यक्रांतीची फौज नेदरलँड्सच्या दक्षिण भागात शिरली, १७९५ मध्ये तो मुलूख फ्रान्सला जोडला गेला, आणि क्रांतिकारकांच्या अंमलात चर्चला टाळे लागून धर्माधिकाऱ्यांची मंडळी विखुरली. ज्या देवस्थानाच्या आधाराने हा व्यवहार वाढला होता ते देवस्थानच बंद झाले, तेव्हा व्यवहारही मोडेल अशी कोणाचीही अटकळ झाली असती. पण झाले उलटेच. ब्रुसेल्सच्या परिसराचा, म्हणजे डील परगण्याचा, प्रीफेक्ट पाँतेकूलाँ याने शहरातील कोंदट जागेत खितपत पडलेल्या वेड्यांची दुर्दशा पाहून १८०३ च्या सुमारास त्यांना सरसकट घेलला पाठवण्याची तजवीज केली. पाठवणारा नव्या राजवटीचा सरकारी अंमलदार होता, पाठवण्याचे कारण धार्मिक नव्हते, आणि पैसा नगराच्या तिजोरीतून यावयाचा होता. घेलच्या शेतकऱ्याने मात्र पूर्वी ज्या रीतीने संतांचा यात्रेकरू घरात घेतला होता त्याच रीतीने सरकारी रुग्णही घेतला. श्रद्धेने लावलेले झाड एव्हाना स्वतःच्या मुळांवर उभे होते.

यानंतर पाहुणे वैद्य येऊ लागले. फ्रान्समधील त्या काळचे सर्वांत मान्यवर मनोविकारवैद्य एस्किरोल १८२१ मध्ये घेलला आले. त्यांना तेथे सुमारे चारशे रुग्ण आढळले. मोकळे फिरणारे वेडे पाहून त्यांना विस्मय वाटला आणि बेड्या व औषधोपचाराचा अभाव पाहून खेदही वाटला. १८४२ मध्ये मोरो द तूर आले आणि पुष्कळच अनुकूल मत घेऊन परतले. उलटपक्षी गेंट येथील गिलेन, ज्यांना बेल्जियममधील मनोविकारचिकित्सेचे आद्य सुधारक मानतात, ते घेलचे कठोर टीकाकार होते. त्यांचा आक्षेप सरळ होता: अडाणी शेतकऱ्याच्या हवाली केलेल्या रुग्णाला तो उपाशी ठेवतो की मारतो, राबवतो की सांभाळतो, हे पाहणार कोण? हा प्रश्न विचारणाऱ्याला गावाचा शत्रू समजण्याचे कारण नव्हते. किंबहुना घेलचे भाग्य असे की त्याला भक्तांइतकेच असे टीकाकारही लाभले. कारण १८५० मध्ये बेल्जियमने वेड्यांविषयीचा कायदा केला आणि घेलची सर्व व्यवस्था सरकारी वैद्यकीय देखरेखीखाली आणली, तेव्हा नव्या नियमांत त्या आक्षेपांचेच उत्तर शोधलेले दिसते.

नव्या व्यवस्थेचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. गाव आणि भोवतालच्या वाड्या मिळून चार विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागाला वैद्य आणि घरोघर फिरून चौकशी करणारे रक्षक नेमले गेले. आत्महत्येची, खुनाची किंवा आग लावण्याची प्रवृत्ती असलेल्यांना आणि वारंवार पळून जाणाऱ्यांना घेलला पाठवू नये असे ठरले. १८६२ मध्ये एक रुग्णालय बांधण्यात आले. नवा रुग्ण आधी तेथे राहावयाचा, वैद्य त्याचा स्वभाव, त्याची भाषा, त्याचा पूर्वीचा धंदा लक्षात घ्यावयाचे आणि मग त्याला साजेसे घर निवडावयाचे. शांत माणसाला गावठाणात घर मिळे, तर आरडाओरडा करणाऱ्याला दूरच्या माळावरच्या वाडीत, जिथे त्याच्या ओरडण्याचा कोणाला उपद्रव नाही. एका घरात दोहोंपेक्षा अधिक रुग्ण ठेवू नयेत, आणि दोन ठेवले तर ते दोघे पुरुष असावेत किंवा दोघी स्त्रिया, असा शिरस्ता पडला. खोली केवढी असावी, अंथरूण कसे असावे याचेही नियम झाले. लोखंडी बेड्यांची जागा प्रथम कातड्याने मढवलेल्या पट्ट्यांनी घेतली आणि पुढे त्याही दुर्मीळ होत गेल्या. ज्या घरात रुग्णाची आबाळ होई त्या घरातून तो काढून घेतला जाई. हा दंड रकमेपेक्षा अब्रूला अधिक लागे, कारण ज्याच्या घरचा रुग्ण सरकारने काढून नेला त्या घराकडे सारे गाव बोट दाखवी. पिढ्यान्‌पिढ्या रुग्ण सांभाळलेल्या कुटुंबाला तो आपल्या घराण्याच्या लौकिकाचा प्रश्न वाटे.

नियमांनी इतके साधले. पण नियमांत जे लिहिता येत नाही ते घरात घडत होते. गावच्या पोराने डोळे उघडल्यापासून स्वयंपाकघरात एक वेगळा काका पाहिलेला असे: तो स्वतःशी बोलतो, कधी अकारण हसतो, पण बटाटे सोलतो आणि आपल्याला अंगाखांद्यावर खेळवतो. त्या पोराला वेडाचे भय शिकवावयास कोणी नव्हते. यजमानीण वारली की तिची लेक किंवा सून त्या रुग्णाची जबाबदारी घेई, आणि जो रुग्ण आजीच्या कारकिर्दीत आला तो नातवाच्या लग्नाला हजर असे. विसाव्या शतकात तेथे राहून आलेल्या अभ्यासकांनी दोन प्रसंग सांगितले आहेत. एका घरचा रुग्ण रोज आपल्या सदऱ्याची बटणे पिळून पिळून तोडून टाकी, आणि यजमानीण रोज संध्याकाळी ती पुन्हा शिवी. नायलॉनच्या पक्क्या दोऱ्याने एकदाच का शिवत नाही, असे कोणी सुचवताच ती म्हणाली की तसे करणे फार वाईट होईल. बटण पिळणे ही त्याची गरज आहे. दुसऱ्या एका घरच्या रुग्णाला भिंतीतून सिंह बाहेर येताना दिसत आणि तो भयाने थरथरू लागे. तेव्हा घरची बाई त्याच्याशी वाद न घालता हातवारे करून ते सिंह हाकलून लावी, आणि तो शांत होई. पहिल्या बाईने विकृतीला वेळ दिला, दुसरीने भीतीला सोबत दिली. ‘तुझे हे चुकते आहे’ असे दोघींपैकी एकीनेही म्हटले नाही. माणसाला दुरुस्त करण्याची घाई नसणे हे घेलच्या स्वयंपाकघरातले मुख्य शास्त्र होते, आणि नवव्या दिवशी बरे न झालेल्यांना दहाव्या दिवशी घरात घेणाऱ्या पूर्वजांकडून ते उतरले होते.

घेलची कीर्ती पसरली तसे अनुकरणही झाले. व्हिन्सेंट व्हान गॉगच्या धर्मोपदेशक वडिलांनी १८८० मध्ये आपल्या विक्षिप्त मुलाला घेलला ठेवण्याचा विचार केला होता, यावरून सामान्य मध्यमवर्गातही त्या गावाचे नाव किती परिचित झाले होते ते कळते. बेल्जियममध्येच फ्रेंचभाषक रुग्णांसाठी १८८४ मध्ये लियेर्न्यो येथे अशीच वसाहत निघाली. फ्रान्समध्ये १८९२ मध्ये दँ-स्युर-ओराँ येथे डॉ. ओग्यूस्त मारी यांनी दुसरी काढली. स्कॉटलंडात आणि अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात रुग्णांना मोबदला देऊन खासगी घरी ठेवण्याची योजना चालली. आणि विशेष असे की जपानमध्ये क्योतोजवळच्या इवाकुरा गावी, दाइउन्‌जी देवळाच्या आश्रयाने आलेले रुग्ण भोवतालच्या घरांत आणि विश्रामगृहांत राहण्याची पद्धत घेलशी काहीएक संबंध नसताना आपोआप उगवली होती. देवस्थान, त्यापाशी थांबलेले रुग्ण आणि त्यांना घरात घेणारे गरजू गाव, इतकी सामग्री जुळून आली की असे काही घडू शकते, असाच याचा अर्थ. नव्याने काढलेल्या वसाहतींपैकी काही बऱ्या चालल्या, पण घेलइतकी रुजली एकही नाही. सरकारला मोबदला मंजूर करता येत होता, परंतु पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मंजूर करता येत नव्हती.

घेलमधील रुग्णांची संख्या १९३८ मध्ये ३,७३६ पर्यंत पोहोचली, आणि तो कळस ठरला. दुसऱ्या महायुद्धानंतर उतरण लागली. १९७० नंतरच्या दशकात ती तेराशेच्या आसपास आली आणि आजच्या शतकात दोनशेच्या घरात. याची कारणे दुष्टाव्यात शोधण्याची गरज नाही. शेती यंत्राने होऊ लागली तेव्हा रुग्णाच्या हाताला काम उरले नाही. गावात कारखाने आले तेव्हा घरची बाई दिवसभर बाहेर राहू लागली. रुग्णामागे मिळणारी रक्कम पगारापुढे किरकोळ ठरली. आणि नवी औषधे निघाल्यावर पुष्कळ रुग्ण आपापल्या गावीच राहू शकले. ज्या कुटुंबव्यवस्थेच्या पोटात ही वहिवाट वाढली ती व्यवस्थाच पालटली. तरी ती समूळ गेलेली नाही. चर्चचे टाळे, साम्राज्याचा अंमल, वैद्यांचे वाद आणि दोन महायुद्धे यांतून वाचलेली ती रीत आजही तेथील सरकारी रुग्णालयाच्या देखरेखीखाली चालू आहे, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने वारसा जपण्याच्या उत्तम प्रयत्नांच्या यादीत तिची नोंद केली.

हा इतिहास वाचताना मराठी वाचकाचे मन स्वाभाविकच आपल्या देशाकडे वळते. श्रद्धा असलेली, दूरदूरचे रुग्ण ओढून घेणारी स्थाने आपल्याकडे थोडी नाहीत. मग तेथे घेल का झाले नाही? तामिळनाडूतील एरवाडी येथे एक प्रसिद्ध दर्गा आहे. तेथेही बाधा उतरण्याच्या आशेने आलेले रुग्ण मागे राहत गेले आणि त्यांना पैसे घेऊन ठेवणारी माणसेही पुढे आली. पण तेथे त्यांची रवानगी कुटुंबांत न होता खासगी कोठड्यांत झाली, आणि ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका आश्रयस्थानाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे जळून मेली. श्रद्धा दोन्हीकडे होती, मोबदलाही दोन्हीकडे होता. एरवाडीत नव्हते ते घर, आणि घराला जाब विचारणारा वैद्य. गिलेन यांचा जुना प्रश्न, पाहणार कोण, तेथे कोणी वेळेवर विचारला नाही.

याच्या उलट चांगले उदाहरणही आपल्याच देशात आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहावयास लावले. आप्तांनी रुग्णाला सोडून निघून जाण्याऐवजी त्याची शुश्रूषा शिकावी आणि त्याला घेऊनच घरी परतावे, असा त्यांचा बेत होता, आणि तो पुष्कळ अंशी सफल झाला. आपल्या महाराष्ट्रात नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथील चार मोठी मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीत उभी राहिली. त्यांच्या तटाआड आजही असे रुग्ण आहेत की ज्यांचा आजार आटोक्यात आला, वैद्यांनी घरी जाण्यास हरकत नाही असे सांगितले, पण दारावर न्यायला कोणी आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. हक्क दिला ही मोठी गोष्ट झाली, पण हक्क बजावण्यासाठी ज्या घरात जाऊन राहावयाचे ते घर कायदा निर्माण करू शकत नाही.

येथे घेलचे उदाहरण जसेच्या तसे उचलून आणण्यात अर्थ नाही. केम्पेनचा शेतकरी आणि त्याचे खळे आता घेललाही उरलेले नाही. परंतु त्या इतिहासातून कामाची वाटणी मात्र स्पष्ट निघते. यजमान कुटुंबाला रास्त आणि वेळेवर मिळणारा मोबदला, रुग्णाला साजेसे घर निवडण्याची दक्षता, बिघाड होताच धावून येणारा वैद्य आणि अचानक दारात उभा राहणारा निरीक्षक, हे चारही सरकारच्या हातचे आहे आणि सरकारने ते टाळता कामा नये. १८५० पूर्वीच्या घेलमधील बेड्या हे ते नसण्याचे फळ होते. उरलेला भाग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातचा आहे, आणि तो एखाद्या मोहिमेने उरकण्यासारखा नाही. बरे होऊन परतलेल्या माणसाला गल्लीतल्या दुकानदाराने काम द्यावे, भजनी मंडळाने त्याला टाळ हातात घेऊन बसू द्यावे, आणि तो मध्येच स्वतःशी बोलू लागला तर कोणी पोरांना हाताला धरून घरात नेऊ नये, इतक्या साध्या गोष्टींनी त्याचा आरंभ होतो. घेलनेही पहिल्या दिवशी याहून अधिक काही केले नव्हते. त्याने ते बंद केले नाही, एवढेच.